मिस्सा मिळेल तेव्हा, प्रार्थना रोज

कॅथॉलिकांचा प्रायश्चित्तकाळ कधी लागणार हे पौर्णिमेवर ठरतं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची. तिच्यानंतरचा पहिला रविवार तो ईस्टर. म्हणजे आपल्या हिशेबाने ही पौर्णिमा एक तर फाल्गुनातली असते, नाही तर चैत्रातली. २०२४ मध्ये ती फाल्गुनातली होती. २४ मार्चला संध्याकाळी गावोगावी होळी पेटली, त्याच दिवशी सकाळी चर्चमध्ये झावळ्यांचा रविवार झाला होता आणि ३१ मार्चला ईस्टर आला. २०२६ मध्ये ती चैत्रातली : २ एप्रिलला हनुमान जयंती, त्याच दिवशी पवित्र गुरुवार, आणि ५ एप्रिलला ईस्टर. २०२५ ची गंमत वेगळीच. चर्चच्या कोष्टकात पौर्णिमा पडली नेमकी रविवारी, १३ एप्रिलला. नियम पौर्णिमेनंतरच्या रविवारचा असल्यामुळे ईस्टर आठवडाभर पुढे सरकून २० तारखेला गेला.

ईस्टरपासून ४६ दिवस मागे मोजत गेलं की बुधवार येतो. तो राखेचा बुधवार, प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस. मधले सहा रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून उरतात ते चाळीस. येशूने अरण्यात उपाशी काढलेल्या चाळीस दिवसांची ही आठवण.

आता हे दिवस नगर जिल्ह्यावर ठेवून पाहा. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं, बोलण्यात अजून नगरच येतं.) गहू सोंगायला आलेला, उन्हाळ कांदा शेतात, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपत आलेला, विहिरींचं पाणी खाली चाललेलं. सकाळी लवकर कामाला जायचं, उन्हं उतरल्यावर परतायचं. राहुरी तालुक्यातलं वळण आणि केंदळ, श्रीरामपूरजवळचं हरेगाव आणि टिळकनगर, राहाता, संगमनेर, नेवासे, शेवगाव, नगरशेजारचं भिंगार, अशा ठिकाणी कॅथॉलिक वस्ती आहे. त्यातली बरीच कुटुंबं दलित, पूर्वी भूमिहीन किंवा थोड्या जमिनीची. हरेगावला १९४९ पासून दर सप्टेंबरात भरणारी मतमाउलीची (मारियामातेची) यात्रा इतर धर्मांच्या लोकांनाही ठाऊक आहे. प्रायश्चित्तकाळ मात्र यात्रेसारखा रस्त्यावर दिसत नाही. तो घरात आणि चर्चच्या चार भिंतींत चालतो, आणि त्याची यंत्रणा बाहेरच्या माणसाला सहसा कुणी उलगडून सांगत नाही.

ती समजून घ्यायची तर एक अडचण आधी ध्यानात घ्यावी. कॅथॉलिक उपासनेचा गाभा आहे मिस्सा, आणि मिस्सा फादरशिवाय होत नाही. वाचनं दुसरा कुणी करू शकतो, गाणी दुसरा म्हणू शकतो, रोझरी (मण्यांची जपमाळ) कुणीही घेऊ शकतो. भाकर आणि द्राक्षारस यांचं ख्रिस्ताच्या शरीरात आणि रक्तात रूपांतर ज्या प्रार्थनेने होतं असं कॅथॉलिक मानतात, ती फक्त अभिषिक्त धर्मगुरूने म्हणायची. एका फादरच्या धर्मग्रामाखाली अनेक गावं येतात. मुख्य केंद्राजवळ राहणाऱ्याला रोज मिस्सा मिळू शकते. दहा-पंधरा किलोमीटरवरच्या वाडीत ती फादर येतील तेव्हा. मला वाटतं, प्रायश्चित्तकाळातल्या बहुतेक रोजच्या प्रार्थना या अंतराचंच उत्तर आहेत.

सुरुवात राखेपासून होते. ही राख कुठलीही चालत नाही. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद देऊन वाटलेल्या झावळ्या लोक घरी नेतात, क्रुसामागे किंवा येशूच्या तसबिरीमागे खोचून ठेवतात. वर्षभरात त्या वाळून कुरकुरीत होतात. प्रायश्चित्तकाळ जवळ आला की त्या चर्चमध्ये परत आणायच्या. तिथे त्या जाळतात, राख चाळून बारीक करतात, अर्धवट जळालेले शिरांचे तुकडे काढून टाकतात. बुधवारच्या मिस्सेत प्रवचन झालं की रांग लागते. फादर अंगठ्याने राख उचलतात आणि कपाळावर क्रुसाची खूण करतात. तोंडाने आठवण करून देतात की माणूस मातीचा आहे, किंवा सांगतात की मन फिरव आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेव. दोन्हींपैकी कुठलंही वाक्य चालतं. ज्या झावळ्यांनी गेल्या वर्षी येशूचा जयजयकार केला, त्यांचीच राख या वर्षी कपाळाला लागते.

राख लावून घ्यायला कॅथॉलिक असायची अट नाही, मुलंही लावून घेतात. ख्रिस्तप्रसादाचं, म्हणजे मिस्सेत मिळणाऱ्या त्या भाकरीचं, तसं नाही. त्याला स्नानसंस्कार झालेला हवा, तयारी हवी, गंभीर पाप मनावर असेल तर आधी कन्फेशन, म्हणजे फादरपुढे एकट्याने दिलेली पापांची कबुली, हवं, आणि किमान एक तास पोटात पाणी आणि औषध यांखेरीज काही गेलेलं नको.

हा एक तास दिसायला किरकोळ, पण त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. पूर्वी नियम मध्यरात्रीपासूनचा होता आणि त्यात पाणीसुद्धा बसत नव्हतं. सकाळी सहाच्या मिस्सेला शहरातल्या माणसाला तो जाचत नसे. पण दूरच्या गावी फादर घोड्यावरून नाही तर सायकलवरून अकरा वाजता पोचले, तर ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याने अकरापर्यंत कोरडंच राहायचं, आणि फादरनेही. १९५३ साली पोप पायस बारावे यांनी पाण्याला मुभा दिली आणि संध्याकाळच्या मिस्सेचा मार्ग मोकळा केला. १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आला. पोप पॉल सहावे यांनी २१ नोव्हेंबर १९६४ रोजी तो एका तासावर आणला, आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत ते मुंबईत उतरले, आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद परिषदेसाठी. भारतात आलेले ते पहिले पोप. दिवसभर काम करणाऱ्या माणसाला संध्याकाळी मिस्सेला येऊन ख्रिस्तप्रसाद घेता येतो, तो या सवलतींमुळे.

प्रायश्चित्तकाळातली मिस्सा नेहमीच्याच चौकटीत चालते, फक्त काही गोष्टी काढून घेतलेल्या असतात. फादरचा झगा जांभळा. वेदीवर फुलं नाहीत. रविवारी एरवी मोठ्याने म्हटलं जाणारं गौरवगीत नाही, आणि शुभवर्तमानाआधीचा ‘आलेलुया’ चाळीस दिवस कुणाच्या तोंडून निघत नाही. १९ मार्चला संत योसेफाचा आणि २५ मार्चला देवदूताच्या निरोपाचा सण येतो, तेव्हा गौरवगीत तेवढ्यापुरतं परत येतं, आलेलुया मात्र नाहीच. प्रत्येक दिवसाला स्वतंत्र वाचनं नेमून दिलेली आहेत, आठवड्याच्या साध्या वारांनादेखील. म्हणून ज्याला जमतं तो या दिवसांत रोज मिस्सेला यायचा प्रयत्न करतो.

मिस्सेत आधी पापांची कबुली, मग वाचनं, प्रवचन, लोकांच्या विनंत्या. त्यानंतर भाकर आणि द्राक्षारस वेदीवर आणले जातात. भाकर म्हणजे पांढरी, कागदासारखी पातळ गोल चकती. तिच्यात गव्हाचं पीठ आणि पाणी, बस्स. मीठ नाही, साखर नाही, खमीर नाही. सैलसर पीठ दोन तापलेल्या लोखंडी पात्यांमध्ये दाबून भाजायचं, निघालेला पापुद्रा किंचित दमट होऊ द्यायचा म्हणजे कापताना तुटत नाही, आणि मग लहान लहान गोल पाडायचे. हे काम बहुधा सिस्टर करतात. फादरची चकती मोठी असते, मागे बसलेल्यांनाही दिसावी म्हणून, आणि तिच्यावर क्रूस उमटलेला असतो. बाजरी-ज्वारी खाणाऱ्या या जिल्ह्यातही चर्चच्या कायद्याला गहूच लागतो, त्यात दुसरं धान्य मिसळून चालत नाही. द्राक्षारसही अस्सल द्राक्षांचाच लागतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातसुद्धा धार्मिक विधीच्या वाइनसाठी वेगळी तरतूद करावी लागली होती. फादर त्यात पाण्याचा थेंब टाकतात आणि मग ती मुख्य प्रार्थना सुरू होते, शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने जे केलं आणि जे म्हटलं त्याची. चकती वर उचलली जाते, घंटी वाजते, सगळे गुडघ्यांवर.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी हे सगळं लॅटिनमध्ये व्हायचं. १९६३ च्या अखेरीस परिषदेने लोकभाषांना वाट करून दिली आणि मिस्सा मराठीत आली. १९६९ मध्ये रोमने भारतातल्या चर्चला बारा गोष्टींची परवानगी दिली : चपला बाहेर काढणं, मांडी घालून बसणं, एकमेकांना शांती देताना हात जोडून नमस्कार करणं, आरती, धूप वगैरे. पेटी-तबल्यावरची भजनं तर आता इतकी अंगवळणी पडली आहेत की तरुणांना लॅटिनचा काळ सांगूनही खरा वाटू नये.

मिस्सा संपली, सगळ्यांना ख्रिस्तप्रसाद मिळाला, तरी काही चकत्या उरतात, मुद्दाम ठेवतातच. त्या टॅबरनॅकलमध्ये, म्हणजे वेदीजवळच्या कुलूपबंद पेटीत जातात आणि जवळ एक दिवा अखंड जळतो. लाल काचेतला हा दिवा दिसला की कॅथॉलिक माणूस गुडघा टेकतो. पण या चकत्या राखून ठेवण्याचं मूळ कारण पूजा हे नव्हतंच. जो आला नाही त्याच्यासाठी त्या ठेवायच्या : अंथरुणाला खिळलेला, मरणाच्या दारी असलेला. पुढे शतकांनी याच राखलेल्या ख्रिस्तप्रसादासमोर बसून प्रार्थना करण्याची भक्ती वाढली. आराधनेच्या वेळी मोठी चकती सूर्यकिरणांसारखी प्रभावळ असलेल्या सोनेरी पात्रात, काचेमागे ठेवतात. तासभर बसायचं. थोडं वाचन, थोडी गाणी, बरीचशी शांतता. शेवटी धूप आणि त्या पात्रानेच दिलेला आशीर्वाद. गुरुवारी संध्याकाळी किंवा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी हा ‘पवित्र तास’ ठेवण्याची जुनी रीत आहे. आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद पोचवायला १९७३ पासून सिस्टर आणि नेमलेले सामान्य भाविकही जाऊ शकतात, त्यामुळे फादरवरचा ताण जरा हलका झाला.

साध्या माणसाने वारंवार ख्रिस्तप्रसाद घ्यावा, जमल्यास रोज, हेही फार जुनं नाही. पोप पायस दहावे यांनी १९०५ च्या डिसेंबरात तसा हुकूम काढला आणि १९१० मध्ये सातेक वर्षांच्या मुलांना पहिला ख्रिस्तप्रसाद देण्याचा. त्याआधी पुष्कळ भाविक वर्षातून मोजक्याच वेळा घेत. नगर जिल्ह्यात तेव्हा जेसुईट (येशूसंघ या धर्मसंघाचे) जर्मन फादर गावोगाव फिरत होते. त्यांपैकी हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली केंदळहून ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केलं. ते १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धाने जर्मन धर्मगुरूंना इथे जागा ठेवली नाही. नगर तर तेव्हा जर्मन कैद्यांच्या छावणीचंच गाव झालं होतं. डोरिंग १९२१ मध्ये हिरोशिमाला गेले आणि १९२७ मध्ये पुण्याला परत आले. आज शंभरी ओलांडलेला ‘निरोप्या’ अजून निघतो.

या मासिकाचं कूळ पाहिलं की रोजच्या प्रार्थनेचं एक सूत्र हाती लागतं. १८४४ मध्ये फ्रान्समधल्या वाल्स इथे जेसुईट विद्यार्थी दूरदेशीच्या मिशनांवर जायला इतके उतावीळ झाले होते की अभ्यासात लक्ष लागेना. त्यांचे गुरू फादर गोत्रले यांनी सांगितलं, जायचं तेव्हा जा, तोवर रोजचा अभ्यास आणि रोजची कामं त्या मिशनांसाठी देवाला अर्पण करा. त्यातून प्रार्थनेची चळवळ उभी राहिली, मग येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीची मासिकं भाषाभाषांत निघाली. ‘निरोप्या’ त्याच घराण्यातला. सूत्र साधं आहे. सकाळी उठल्यावर अर्ध्या मिनिटात आजचा दिवस, काम, सुखदुःख सगळं अर्पण करायचं आणि जगात कुठे ना कुठे या क्षणी चालू असलेल्या मिस्सेला ते जोडायचं. वाडीत फादर नसले तरी वाडीतला कांदा काढण्याचा दिवस अशा रीतीने वेदीवर जातो.

संध्याकाळी रोझरी. ५९ मणी, त्यांतले ५३ मारियेच्या प्रार्थनेचे, सहा येशूने शिकवलेल्या प्रार्थनेचे. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली पुरी करायची. पुस्तक लागत नाही, दिवे गेले तरी अडत नाही, अक्षरओळख नसली तरी चालतं. म्हणूनच घरातली आजी हिची बिनतोड पुढारी. दहा मण्यांच्या प्रत्येक गटाला येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग डोळ्यांपुढे ठेवायचा. प्रायश्चित्तकाळात भर असतो दुःखाच्या पाच प्रसंगांवर : बागेतली तळमळ, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणं, मरण. वीसेक मिनिटांत आटपतं. या दिवसांत आळीतली घरं पाळीपाळीने सगळ्यांना आपल्याकडे बोलावतात. ज्याच्याकडे पाळी असेल तो सतरंजी टाकतो, तसबिरीपुढे मेणबत्ती लावतो, शेवटी चहा होतो. (प्रायश्चित्त म्हणून चहा सोडलेला असेल त्याची पंचाईत.)

झोपण्याआधीचं आत्मपरीक्षण ही खास जेसुईटांची देणगी, त्यांचे संस्थापक संत इग्नेशियस यांची. दिवसाचे आभार मानायचे, नीट दिसू दे म्हणून मागायचं, सकाळपासूनचे तास एकेक करून पाहायचे, चुकलं त्याची क्षमा मागायची, उद्याचं एक काही ठरवायचं. पाच-दहा मिनिटं पुरतात. ईस्टरआधी कन्फेशनला जाणाऱ्याला याचा फार उपयोग होतो. चाळीस दिवस रोज हिशेब पाहिलेला माणूस फादरपुढे घुटमळत नाही.

आणि ज्या रविवारी मिस्साच नाही? त्यासाठी मनाने ख्रिस्तप्रसाद घेण्याची प्रार्थना आहे. आता तुला प्रत्यक्ष घेता येत नाही, तर निदान अंतःकरणात ये, असा तिचा आशय. ती फार जुनी. पण शहरी कॅथॉलिक ती खऱ्या अर्थाने शिकले २०२० च्या प्रायश्चित्तकाळात. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली, २७ तारखेला पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात पावसात आराधना केली, १२ एप्रिलचा ईस्टर लोकांनी मोबाइलवर पाहिला. ज्यांच्याकडे फादर महिन्या-पंधरा दिवसांनीच पोचत, त्यांना यात नवीन एवढंच होतं की आता सगळेच त्यांच्यासारखे झाले होते.

उपवासाबद्दल आपल्याकडे हमखास गैरसमज होतो, कारण उपवास म्हटलं की साबुदाणा डोळ्यांपुढे येतो. इथे धान्य वर्ज्य नाही. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) या दोनच दिवशी सक्तीचा उपवास : एक वेळ पोटभर, दोन वेळा थोडंथोडं, आणि त्या दोन्ही मिळून पोटभर जेवणाएवढं व्हायला नको. वयाची १८ पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत हा नियम. त्या दोन दिवशी आणि शुक्रवारी मांस नाही, हे चौदाव्या वर्षानंतर सगळ्यांना. मासे, अंडी, दूध चालतात. ज्याच्या घरी मटण बाजाराच्या दिवशीच शिजतं त्याला हा नियम जाचत नाही हे उघड आहे. म्हणून माणसं आपल्या मनाने भर घालतात. कुणी तंबाखू सोडतो, कुणी दारू, कुणी चाळीस दिवस भांडणार नाही म्हणतो. शेवटचं सगळ्यात आधी मोडतं.

वाचलेला पैसा कुठे जातो, हा पुढचा प्रश्न. तो दानात जायला हवा, नाही तर तो नुसता काटकसरीचा महिना. कॅरिटास इंडिया ही चर्चची संस्था दर प्रायश्चित्तकाळात भूक आणि रोगराईविरुद्ध मोहीम चालवते, धर्मग्रामांतून वर्गणी जमते. नगर जिल्ह्यात दानाच्या या शिकवणीचं प्रत्यक्ष रूप बघायचं असेल तर ते पाण्यात दिसेल. स्विस जेसुईट फादर हर्मन बाखर यांनी इथल्या दुष्काळी शिवारांत पाणलोटाचं काम उभं केलं, ते सगळ्या जातिधर्मांच्या गावकऱ्यांसाठी.

शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट. चर्चच्या भिंतींवर चौदा चित्रं लावलेली असतात, पिलाताच्या न्यायासनापासून कबरीपर्यंत. प्रत्येकापुढे थांबायचं, गुडघा टेकायचा, वाचन, प्रार्थना, मग पुढच्या चित्राकडे जाताना गाण्याचं कडवं. याला फादर लागतातच असं नाही. चर्च नसलेल्या वाडीत झाडांना चौदा क्रूस बांधूनही ती करता येते.

शेवटच्या आठवड्यात सगळी यंत्रणा एकदम वेग घेते. पवित्र गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या भोजनाची मिस्सा. फादर बारा जणांचे पाय धुतात. २०१६ पासून त्या बारांत बायकाही बसू शकतात. गौरवगीत परत येतं, घंटा वाजतात, आणि मग शनिवार रात्रीपर्यंत मुक्या होतात. काही ठिकाणी त्यांच्याऐवजी लाकडी खटखट वापरतात. त्या रात्री दुसऱ्या दिवसाला पुरेल एवढा ख्रिस्तप्रसाद आधीच करून ठेवतात, कारण शुभ शुक्रवारी जगात कुठेच मिस्सा होत नाही. तो मिरवत बाजूच्या वेदीवर नेतात, मुख्य वेदीवरचं कापडसुद्धा काढून घेतात, टॅबरनॅकल उघडं आणि रिकामं राहतं. मध्यरात्रीपर्यंत लोक पाळीपाळीने जागतात. शुक्रवारी क्रुसाला वंदन आणि आदल्या दिवशी राखलेला ख्रिस्तप्रसाद. शनिवारी दिवसभर काहीच नाही. रात्री अंधारात बाहेर नवा अग्नी पेटवून त्यावर मोठी मेणबत्ती लावतात, आणि चाळीस दिवस गिळलेला आलेलुया सुटतो.

मोठ्या केंद्रावर हे सगळं व्यवस्थित पार पडतं. लांबच्या गावांतली माणसं ट्रॅक्टरने, टेम्पोने तिथे येतात. म्हातारी, आजारी आणि ज्यांचं काम सुटत नाही ती मागे राहतात. चर्चचा नियम सांगतो की प्रत्येक कॅथॉलिकाने वर्षातून एकदा तरी ख्रिस्तप्रसाद घ्यावा, आणि तो ईस्टरच्या काळात. पण हा काळ एका रविवारचा नाही, पेन्टेकॉस्टपर्यंत पन्नास दिवसांचा आहे. तेवढ्यात जमलं नाही आणि कारण योग्य असलं, तर वर्षात पुढे केव्हाही. म्हणून ईस्टरनंतरच्या आठवड्यांत, ऊस तोडून परतलेली घरं जागेवर आली की, फादर आणि सिस्टर वाडीवाडीने फिरतात. आधी मिस्सा, मग खाटेवर पडलेल्यांच्या घरी.